साडूचं ऊन

गच्चीवरचे सोलर पॅनल मी उत्तरेकडे तोंड करून बसवून घेतले.

नकळत नव्हे, चांगलं समजून-उमजून. चाकणच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. सूर्य आपल्याकडे वर्षातला बराच काळ दक्षिणेला कलून जातो, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. पॅनल बसवायला आलेला सांगवीचा ठेकेदार तर दोनदा म्हणाला, "साहेब, उतार दक्षिणेकडे ठेवावा लागतो." मी त्याला माझी चोवीस वर्षं ऐकवली. कागदाच्या तळाशी त्याने "ग्राहकाच्या आग्रहाखातर" असं लिहिलं आणि माझ्यापुढे पेन धरलं. मीही झोकात सही केली, खाली रेघ ओढून.

कारण सांगायची लाज वाटते, म्हणून आधी साडूबद्दल सांगतो.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तो गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या धंद्यात आहे आणि त्याची कंपनी त्याला देशोदेशी पाठवत असते. मी चाकणला सायलेन्सर बनतात त्या शेडमध्ये. म्हणजे तो गाडीचा धूर बंद करायच्या कामावर आणि मी धुराला नळी पुरवायच्या. आमच्या शेडसमोर दोन वर्षांपूर्वी बॅटरीचे ट्रे बनवायची नवी शेड उभी राहिली. तिथे जमिनीला हिरवा रंग, आत गारवा, आणि चहाच्या मशीनला कॉफीचंसुद्धा बटण. आमच्याकडे पंखे, तेही मीच दुरुस्त केलेले. त्या शेडकडे बघितलं की मला साडू आठवतो आणि साडू आठवला की ती शेड.

त्याचे फोटो सासुरवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचे. पहिल्यांदा तो चीनला होता. तिथून हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्यांची रांगच्या रांग आली, टॅक्सीसुद्धा विजेची. मग नॉर्वे. तिथला फोटो म्हणजे छपरापर्यंत बर्फात बुडालेली गाडी आणि तिच्या नाकात खुपसलेली वायर. खाली लिहिलेलं, की इथे आता पेट्रोलची गाडी दिसली तर शेजारी आजोबांची आहे का म्हणून विचारतात. मी त्या दिवशी माझी पेट्रोलची गाडी पुसत होतो. पुसायची थांबवली.

आता तो जर्मनीत आहे. तिथे त्याने भाड्याच्या घराच्या बाल्कनीला, कठड्याच्या बाहेरच्या बाजूने, दोन पॅनल टांगलेत. वायर थेट घरातल्या साध्या सॉकेटमध्ये. पॅनलच्या वर कुंड्या, कुंडीत कोथिंबीर. "आज तासभरच ऊन आलं, पण चहा त्याच्यावर झाला," असा त्याचा मजकूर. त्या देशात ऊन पाहुण्यासारखं येतं, आणि हा गृहस्थ त्याच्याकडूनही चहा करून घेतो. माझ्या गच्चीवर ऊन बारा महिने मुक्कामाला, आणि आम्ही त्याच्याकडून कुरडया वाळवून घेण्यापलीकडे काही काम घेतलेलं नाही. त्या फोटोला सासऱ्यांनी आयुष्यातला पहिला अंगठा दिला. माझ्या एकाही फोटोला सासऱ्यांचा अंगठा नाही. मी मागे जाऊन तपासलं.

एकदा मलाही राहवलं नाही. कंपनीच्या पार्किंगमध्ये एक नवी कोरी विजेची गाडी उभी होती, हिरवी पाटी, काळ्या काचा. मी तिच्या बॉनेटवर कोपर टेकवलं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली काहीच लिहिलं नाही. खोटं बोलायला नको म्हणून. तेवढ्यात गाडीची काच खाली आली. आत एक साहेब डबा खात बसले होते. "काका, काही काम होतं का?" त्यांनी फार प्रेमाने विचारलं. मी कोपर उचललं, गाडीवर पडलेला त्याचा घामाचा ठसा रुमालाने पुसला, आणि निघालो. फोटो काढून टाकायला फोन उघडला तर बायकोने ग्रुपवर विचारून टाकलं होतं, "अहो, ही कोणाची?"

पण फोटोंचं काय, फोटो येतात आणि जातात. खरी जखम वेगळी.

सासरे रहाटणीचे जुने. एके काळी शेती होती, आता त्याच जागेवर तीन मजली इमारत आहे. खालचे दोन मजले भाडेकरू, वर ते आणि सासूबाई. वय झालंय, पण माणूस खणखणीत. गेल्या वर्षी त्यांना विजेची स्कूटर घ्यायची होती. मी त्यांच्या शेजारी, एकाच सोफ्यावर, हातात चहाची बशी धरून बसलो होतो. विजेवर चोवीस वर्षं पोट भरणारा माणूस असा हाताच्या अंतरावर असताना त्यांनी जर्मनीला व्हिडिओ कॉल लावला. "धाकलं पावणं, कंची घिऊ?" तिकडे सकाळ होती, साडू दात घासत होता. तोंडात फेस असताना त्याने स्कूटर ठरवून दिली. सासऱ्यांनी फोन माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "ह्ये बघा, मोठं पावणं बी हितंच हाईत." मी बशी उंचावून दाखवली.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. सासऱ्यांना आपल्या इमारतीवर सोलर बसवायचं होतं, लिफ्ट आणि पाण्याची मोटर त्यावर चालवायची होती. ते काम त्यांनी मला विचारून करावं. मला, थोरल्या जावयाला. जर्मनीला नव्हे. बाकी मला काही नको होतं. अनारसेसुद्धा नको होते.

म्हणून त्यांच्या आधी मी माझ्या घरावर सोलर बसवायचं ठरवलं. माझं घर संत तुकाराम नगरात. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची. रस्ता घराच्या उत्तरेला. सासरे दर महिन्याला रक्तदाब तपासायला जवळच्या दवाखान्यात येतात, ते त्याच रस्त्याने, त्या स्कूटरवरून. ठेकेदार म्हणतो तसे पॅनल दक्षिणेकडे कलवले असते तर रस्त्यावरून काय दिसलं असतं? लोखंडी पाय आणि पांढरट पाठ. कपडे वाळत घालायची मांडणी समजून सासरे पुढे निघून गेले असते. उत्तरेकडे कलवले तर अख्खी निळी काच रस्त्यावर झळकणार. संपलं. एवढंच कारण.

घरी अर्थातच हे सांगता येत नव्हतं. बायकोला मी म्हणालो, दक्षिण यमाची दिशा, घरातली वीज तिकडून यायला नको. ती म्हणाली, "स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेलाच आहे. तिथून आलेला चहा बरा पंचवीस वर्षं चालतोय." मग मला शास्त्राचा आधार शोधावा लागला, आणि तो ऑस्ट्रेलियात सापडला. एका व्हिडिओत तिकडचा एक गोरा मिस्त्री शिडीवर उभा राहून सांगत होता, की पॅनलचं तोंड उत्तरेलाच हवं. मागे सगळी गल्ली उत्तरेकडे बघत होती; घरोघरी पॅनल, एक छप्पर रिकामं नाही. पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण माणसाला जे नको असतं ते तो थोडा वेळ बाजूला ठेवू शकतो. मी तो व्हिडिओ बायकोला दाखवला, ठेकेदाराला दाखवला, शेडमधल्या फिटरला दाखवला. फिटर म्हणाला, "लय पुढारलेला देश आहे, राव."

पॅनल शिमग्याच्या सुमाराला बसले. किती वीज झाली ते फोनवर दिसतं. गल्लीत तीन घरं सोडून एका बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी माझ्याएवढेच पॅनल दक्षिणेकडे बसवलेत. ते रोज सकाळी फिरायला जाताना आकडा विचारत. पहिले काही आठवडे त्यांचा आकडा माझ्यापेक्षा बराच वर. मी सांगायचो, नवीन आहे, रुळायला वेळ लागतो. जणू काही पॅनल नव्हे, सून आणली होती. नंतर मी त्यांच्या फिरायच्या वेळेला अंघोळीला जाऊ लागलो.

मग वैशाख आला आणि चमत्कार झाला. माझा आकडा काकांच्या बरोबरीला आला. आणखी काही दिवसांनी पुढे गेला. एका दिवशी नाही, रोज. मी अंघोळीची वेळ बदलली आणि फाटकात उभा राहू लागलो. काका चष्मा पुसून माझा फोन बघायचे, मग स्वतःचा. त्यांचा चेहरा बघताना मला पहिल्यांदा कळलं, की साडूला माझा चेहरा कसा दिसत असेल. फार छान वाटलं. उन्हाळ्यात आपल्या गावावरून सूर्य डोक्याच्याही पलीकडे, जरासा उत्तरेला सरकतो, ते दोन-अडीच महिने माझ्या पॅनलचे होते. हे कारण मला माहीत होतं का? बाजूला ठेवलेलं होतं.

यंदा धोंड्याचा महिना त्याच दिवसांत आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे वाढायचे, वाण द्यायचं, ही रीत. साडू त्यासाठी सुट्टी टाकून जर्मनीहून आला. रहाटणीला दोन पाट शेजारी-शेजारी मांडले. तो आला, वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडे सोलर लागलं म्हणे. येऊन बघायचंय." आवाजात कुठेही खोच नाही. मी खोच शोधत होतो. धोंडा फोडून त्यात तूप ओतेपर्यंत शोधत होतो.

जेवता जेवता सासऱ्यांनी विषय काढला, की गच्चीवर प्लेटा टाकायच्यात, पावसाच्या आत ठरवायचंय. माझा घास थांबला. साडूने फोनवर एक चित्र काढून आणलं होतं. गच्ची, टाकी, जिन्याची खोली, पॅनलच्या रांगा, सगळ्या दक्षिणेकडे बघणाऱ्या. तो समजावू लागला तेवढ्यात मी म्हणालो, "हे जर्मनीला ठीक आहे. आपल्याकडे उत्तर." आणि माझा फोन पुढे केला. माझे आकडे एका बाजूला, बँकेच्या काकांचे दुसऱ्या. काकांचे आकडे मी रोज त्यांच्याकडून घेऊन लिहून ठेवले होते.

साडूने दोन्ही नीट बघितले. "हो, सध्या भाऊंचे जास्त आहेत," म्हणाला. आणि मग, "पण भाऊ, पुढे..."

त्याला पुढे जाऊ दिलं तर मी थोरला कसला? मी ऑस्ट्रेलियाचा व्हिडिओ लावला. घरोघरी सोलर, सगळे उत्तरेकडे, आपल्यासारखाच उन्हाचा देश. साडू अगदी हळू आवाजात म्हणाला, की तो देश विषुववृत्ताच्या खाली आहे. मी म्हणालो, "वर असो खाली असो, सूर्य एकच आहे ना?" सासूबाईंनी मान डोलावली. साडूने आणखी एक धोंडा मागून घेतला.

सासऱ्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. हात धुताना मला म्हणाले, "मोठं पावणं, बेस्तरवारी तुमाला सुट्टी आसती न्हवं? दुपारी साडेबाराला या. गच्चीवर जाऊ. दोघंच."

दोघंच. परतताना मी गाडी इतकी सावकाश चालवली, की बायकोने विचारलं, पेट्रोल संपत आलंय का.

गुरुवारी मी टेप घेऊन गेलो, वायरचे तीन नमुने घेऊन गेलो, कंपनीचं नाव छापलेली टोपी घालून गेलो. सासरे गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. सिमेंटची जुनी टाकी, चांगली पुरुषभर उंच. मी टेप उघडायला लागलो तर म्हणाले, ते ठेवा, आधी टाकीची सावली बघा. सावली जवळजवळ नव्हतीच. दक्षिणेच्या अंगाला चार बोटं. म्हणजे ऊन उत्तरेकडून येत होतं. मला भरून आलं. मी म्हणालो, मामा, बघा, मी म्हणत होतो तेच.

"व्हय," ते म्हणाले. "आता टाकीला हात लावा. ह्या अंगाला."

मी उत्तरेच्या बाजूला हात लावला. ती बाजू वरपासून खालपर्यंत काळी होती. पिढीजात शेवाळ, आता उन्हाने सुकून खवले झालेलं. हाताला काळं लागलं. मग त्यांनी मला दक्षिणेच्या बाजूला नेलं. तिकडे सिमेंट भाजल्यासारखं पांढरं, कोरडं.

ते सांगत गेले, आणि मी हात पुसत ऐकत गेलो. उत्तरेच्या अंगाला ऊन उन्हाळ्याच्या शेवटाला येतं ते पाऊस धरेपर्यंत. मग आभाळ. आभाळ उघडतं तोवर ऊन दक्षिणेला गेलेलं असतं. दिवाळीनंतर टाकीची सावली गच्चीभर उत्तरेला पसरते, पौषात तर पार कठड्याला टेकते. त्या जागी सासूबाई तीळसुद्धा पसरत नाहीत, सादळतात म्हणून. शेती होती तेव्हा ते बांधाच्या दक्षिणेला काय लावायचं आणि उत्तरेला काय, हे ह्याच हिशोबाने ठरवायचे. त्यांनी ना जर्मनी बघितली होती ना ऑस्ट्रेलिया. माझ्या कागदावर चोवीस वर्षं होती, आणि ह्या टाकीवर त्याहून जास्त, काळ्या रंगात.

"तुमच्या प्लेटा कंच्या अंगाला?"

मी काळ्या बाजूकडे बोट दाखवलं.

"तुमी तर विजेतलं मानूस. मंग असं का केलं?"

यमाची दिशा जिभेवर आली होती. ऑस्ट्रेलियाही आला होता. पण हा माणूस ह्याच गच्चीवर पॅनल टाकणार होता, माझ्या शब्दावर टाकले असते तर दिवाळीनंतर त्यांची लिफ्ट पुन्हा महावितरणच्या जिवावर, आणि ते काळं मला आयुष्यभर पुसता आलं नसतं. मी खरं सांगून टाकलं. की दवाखान्यात जाताना तुम्हाला रस्त्यावरून निळं दिसावं म्हणून. तुम्ही वर बघावं आणि म्हणावं, थोरल्यानेही केलं. स्कूटरच्या वेळेला मी शेजारी बसलो होतो, तेही सांगितलं. बशीचंही सांगितलं.

खाली भाडेकरूंच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"त्या रस्त्यानं जाताना म्या वर कवाच बगत न्हाई," सासरे म्हणाले. "खड्डं बगतो."

मी विचारलं, ही टाकीची गोष्ट त्यांना परवा जेवतानाच माहीत होती का. होती, म्हणाले. आणि धाकट्याने त्यांनाही जिन्यात गाठून तेच सांगितलं होतं, की भाऊंच्या प्लेटा फिरवून घ्यायला लावा, पण माझं नाव काढू नका, आणि पानावर बोललो नाही कारण थोरल्याचा मान राहावा. हे ऐकून मला जे झालं त्याला मराठीत हेवाच म्हणतात. त्याची गाडी, त्याची बाल्कनी, त्याचं तासभराचं ऊन, ह्या सगळ्याचा हेवा माझा करून झाला होता. आता त्याच्या चांगुलपणाचाही करावा लागणार होता. माणूस दुष्ट असता तर किती सोपं गेलं असतं.

मी टेप गुंडाळला, नमुने पिशवीत टाकले. म्हणालो, मग काम त्यालाच सांगा. तो जायच्या आत आराखडा करून देईल.

"त्यो जातोय जर्मनीला," सासरे म्हणाले. "हितं मानसं कामाला लागली की उभं कोन ऱ्हानार? तुमीच. उद्यापास्नं या."

मी टोपी सरळ केली. ठेकेदार कुठला घ्यायचा, वायर कुठून खाली न्यायची, मीटर कुठल्या भिंतीवर, लिफ्टची लाइन वेगळी कशी काढायची, हे सगळं मी एका दमात सांगायला लागलो. पॅनलच्या उताराचा अंश किती ठेवावा तेही सांगणार होतो.

सासऱ्यांनी हात वर केला.

"प्लेटांचं तोंड कुटं करायचं ते मी सांगीन, पावणं. तुमी तुमचं तेवढं मिटून ठेवा."